पाचवं नाव आणि सिंगापूरचं तिकीट

आरतीला मी पहिल्यांदा पाहिलं ते शाळेच्या उंबऱ्यावर. १९९३ सालचा जून होता. तिचा भाऊ रामलिंग माझ्या तिसरीच्या वर्गात होता आणि ही त्याच्या मागोमाग येऊन दारात बसायची. वय पाच. पटावर नाव नव्हतं, म्हणून तिला आत बसवायची मलाही घाई नव्हती. तिची एक खोड होती. चपला बाहेर सगळ्यांच्या चपलांत ठेवायची नाही, दोन्ही हातांत छातीशी धरून बसायची. पाढे सुरू झाले की दारातून तिचा आवाज यायचा, सगळ्या वर्गाच्या अर्धा शब्द पुढे. एकदा मी म्हणालो, आत येऊन बस. ती म्हणाली, "आत नगं गुरुजी. हितं वारं लागतंय."

हे गाव औशाच्या पुढे, किल्लारीपासून कोसभर. मी मूळचा नांदेडचा, नोकरीने तिकडे गेलेला. त्या काळी आम्हा शिक्षकांना दरवर्षी घरोघर फिरून कुटुंब सर्वेक्षण करावं लागे: घर क्रमांक, माणसं, वय, शाळेत जाणारी मुलं, पुढल्या वर्षी येणारी मुलं. बरेच जण ते चावडीवर बसून उरकत. मी प्रत्येक उंबऱ्याला जात असे. माझ्या वहीत एक्केचाळीस नंबरच्या घरात पाच नावं होती. किशनराव, त्यांची आई साखराबाई, बायको केवळाबाई, जिला मुलं अव्वा म्हणत, रामलिंग आणि आरती. आरतीपुढे मी लाल शाईने लिहिलं होतं, 'जून ९४ला दाखल'.

सप्टेंबरात गणपतीच्या सुटीला मी नांदेडला आलो. वही सोबत होती, कारण गोषवारा काढायचा राहिला होता. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या पहाटे भूकंप झाला. मी तिसऱ्या दिवशी गावात पोचलो, म्हणजे जिथे गाव होतं तिथे. त्या दिवसाचं वर्णन मी कधी कुणाला केलं नाही, इथेही करत नाही. एवढंच सांगतो की तहसीलचे लोक नावं विचारत होते आणि नावं सांगू शकतील अशी माणसं थोडी होती. जी होती त्यांना क्रमाने काही सांगता येत नव्हतं. एका कारकुनाने मला विचारलं, गुरुजी, तुमच्याकडे घरवार नावं आहेत का. मी पिशवीतून वही काढली.

लिंबाखाली पालथ्या घमेल्यावर बसून मी एकेक घर वाचत गेलो. शेजारी मडिवाळप्पा उभा होता. त्याचं घर एक्केचाळीस नंबराला लागून. दोन दिवस हाताने माती उपसून त्याच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या. मी घर वाचायचो आणि तो सांगायचा, कोण आहे, कोण गेलं. एक्केचाळीस आला. तो म्हणाला, "त्या घरात कुणी न्हाई ऱ्हायलं." मी पाच नावं उतरवली. वय लिहिलं. खाली नेहमीसारखी सही केली. यादी स्वच्छ अक्षरात आणि बिनचूक झाली म्हणून साहेबांनी माझी तारीफही केली.

दोन वर्षांनी मी बदली मागून घेतली आणि बिलोलीला आलो. तिथे वरच्या वर्गांना भूगोल शिकवला आणि तिथूनच निवृत्त झालो.

२०१९ सालच्या जानेवारीत, सकाळी अकराच्या सुमारास, नांदेडच्या माझ्या घराची बेल वाजली. दारात तिशीची एक बाई होती. मागे हेल्मेट हातात घेतलेला तिचा नवरा.

"गुरुजी, मी किशनरावांची आरती."

चाळीस वर्षं शिकवलेल्या माणसाला असे किशनराव पुष्कळ भेटलेले असतात. मी विचारलं, कुठले किशनराव? तिने गावाचं नाव सांगितलं. तरीही माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. मी या म्हणालो. तिने चपला काढल्या, खाली वाकून उचलल्या आणि छातीशी धरून आत आली.



बायकोने पाणी आणलं ते आधी मला द्यावं लागलं. आरती शांत होती. तिने प्लास्टिकच्या फाइलमधून झेरॉक्स काढून माझ्यापुढे धरली. अक्षर पाहिल्याबरोबर ओळखलं. एक्केचाळीस नंबर, पाच नावं. पाचवं, 'आरती किशनराव, वय ५'.

"हे अक्षर तुमचंच ना गुरुजी?"

"माझंच."

"लई सुरेख हाय," ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

मग तिने सांगितलं. त्या रात्री उकाडा होता, म्हणून ती उंबऱ्यावर आडवी झोपली होती. घर बसलं, पण दाराची सागवानी चौकट तशीच उभी राहिली. पहाटे कुणीतरी तिला उचलून ट्रकमध्ये घातलं आणि ट्रक सोलापूरच्या दवाखान्यात गेला. ती कित्येक दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी हदगावची मावशी खाट खाट पाहत तिच्यापर्यंत पोचली आणि तिला घेऊन थेट हदगावला गेली. मावशीने घरात गावाचं नाव काढायला मनाई केली. त्यामुळे हदगावात कुणाला यादी माहीत नव्हती आणि गावात कुणाला आरती वाचल्याचं माहीत नव्हतं. ती दहावीला होती त्या वर्षी हदगावच्या केंद्रावर मी पर्यवेक्षक होतो. तिच्याही हातात मी पेपर दिला असेल. मेलेल्या मुलीचा चेहरा कोण शोधतो.

इतक्या वर्षांनी ही यादी निघाली, त्याचं कारण वेगळंच होतं. आरतीला मुलाबाळांसह सिंगापूरला जायचं होतं.

लातूरला ट्यूशनच्या भागात ती मुलींची मेस चालवते. नवरा सिद्धलिंग एका क्लासमध्ये प्रश्नपत्रिका टाइप करतो. गिरिजा तेव्हा दहा वर्षांची, शिवतेज सात वर्षांचा. मे महिन्याच्या पहिल्या रविवारी डॉक्टरकीची प्रवेशपरीक्षा झाली की ट्यूशनचा सगळा भाग रिकामा होतो, जूनमध्ये पुन्हा भरतो. मधले दिवस मेसवाल्यांचे. बारा वर्षांत ती त्या दिवसांत कुठेही गेली नव्हती. एके वर्षी मेसमधल्या एका मुलीने परदेशातल्या मावशीकडचे फोटो दाखवले आणि गिरिजाने विचारलं, आपण कुठे जायचं.

गिरिजाला जपान हवा होता. आरतीने भिंतीवर जगाचा नकाशा लावला आणि लाल पेनने देश खोडायला घेतले. जपान गेला. नेपाळ गेला. इस्तंबूल गेलं, बाली गेलं. गिरिजा म्हणाली, मम्मी, तू जग संपवून राहिलीस. शेवटी सिंगापूर, मलाक्का आणि क्वालालंपूर उरली. तीन शहरं, दहा दिवस, मधला प्रवास बसने. बसवर तिचा भरवसा होता. त्या पहिल्या दिवशी, माझ्या समोर बसून, पंचवीस वर्षांनी भेटल्यावर, तिने मला भूगोलाचा शिक्षक म्हणून पहिला प्रश्न विचारला तो हा: "गुरुजी, सिंगापूरला हलत न्हाई ना?" मी अॅटलास काढला आणि सांगितलं, तिथे धोका फार कमी. तिने वहीत तसं लिहून घेतलं, माझ्या नावासकट.

पासपोर्टसाठी ती मकबूलभाईंकडे गेली होती. ते उमऱ्याच्या आणि हजच्या यात्रेकरूंचे कागद करतात. त्यांनी पाहिलं की शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख एक जून, आधारवर एक जानेवारी. आमच्या भागातल्या निम्म्या लोकांच्या तारखा अशाच आहेत. एक जून गुरुजींनी दिलेली, एक जानेवारी संगणकाने. मकबूलभाई म्हणाले, गावाहून जन्माचा उतारा मिळाला तर काम साफ होईल. आरती पंचवीस वर्षांत पहिल्यांदा गावाकडे गेली. वसवलेल्या नव्या गावात, ग्रामपंचायतीत. ग्रामसेवक तरुण होता. त्याने रजिस्टरं चाळली, एका पानावर थांबला, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा पानाकडे पाहिलं. म्हणाला, "ताई, जन्माची नोंद न्हाई सापडत. मृत्यूची हाय."

तिने मला विचारलं, मी तहसीलला येऊन प्रतिज्ञापत्र देईन का. ज्या यादीवरून ती नोंद झाली आणि जिची झेरॉक्स ग्रामसेवकाने तिला दिली, ती लिहिणारा मी. शिवाय सांगणारा कुणी जिवंत असेल तर त्याचंही लागेल. मी हो म्हणालो. ती गेल्यावर मी दोन दिवस वर्तमानपत्र उघडलं नाही. मी कधी कुणाला कमी गुण दिले असतील, कुणाला उगीच छडी मारली असेल, ते सगळं मला माहीत होतं. हे माहीत नव्हतं. आणि चूक आळसाने झाली असती तर स्वतःला समजावता आलं असतं. ती झाली माझ्या चांगल्या वहीमुळे. चावडीवर बसून सर्वेक्षण उरकणाऱ्या मास्तराच्या वहीत शाळेबाहेरच्या पाच वर्षांच्या पोरीचं नावच नसतं.

मार्चमध्ये चौघंही नांदेडला माझ्या घरी आली. तो प्रवासाचा सराव होता. प्रश्नपत्रिकांच्या घरात काहीच सरावाशिवाय होत नाही, आणि मकबूलभाईंनीही तिला सांगितलं होतं की आम्ही हजच्या लोकांची आधी शिकवणी घेतो, मगच विमानात बसवतो. 'सराव क्र. १' लातूरच्या घरी झाला होता. जेवणाच्या लांब टेबलाचा विमानतळ केला, मेसच्या मुली तपासणीवाल्या झाल्या, आणि सिद्धलिंगने अधिकारी होऊन शिवतेजला विचारलं, किती दिवस राहणार? शिवतेज म्हणाला, "शाळा उघडेपर्यंत." त्याला शून्य गुण मिळाले. 'सराव क्र. २' म्हणजे लातूर ते नांदेड एसटीने, सगळ्या बॅगा घेऊन. माझं घर म्हणजे हॉटेल. मुलांनी बसस्थानकावर उतरून न विचारता पत्ता पाठ म्हणायचा, रिक्षावाल्याला सांगायचा आणि इथवर यायचं. बॅगेत धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी होती, तीही सरावाची. किती दिवस टिकते ते बघायला.

मला दारात हॉटेलवाल्यासारखं उभं राहून पासपोर्ट मागायला सांगितलं होतं. मी मागितले. प्रत्येकाच्या गळ्यात तिने शिवलेली कापडी पिशवी होती. सिद्धलिंगने पासपोर्ट दिला, गिरिजाने दिला, शिवतेजने दिला. आरतीने पिशवीतून त्याच मापाचा पुठ्ठ्याचा तुकडा काढून माझ्या हातात ठेवला. मुलं हसली. मी तो उलटसुलट केला. दोन्ही बाजूंनी कोरा होता.

तिकिटं बारा मेची होती.

एप्रिलमध्ये त्या चौघांबरोबर मी गाडीने गावाला गेलो. मडिवाळप्पा नव्या गावात मुलाकडे राहत होता. ऐंशीच्या घरात, दृष्टी अधू, पण बोलणं ठणठणीत. मी वाटेत ठरवलं होतं की त्याला हळूहळू सांगायचं. आरतीने तेवढा वेळ दिला नाही. समोर बसली आणि म्हणाली, आजोबा, मी शेजारची आरती.

त्याने मान आडवी हलवली. मग म्हणाला, "किशनची आरती गेली. मीच सांगितलो ह्या मास्तराला." जणू मी खोटं काहीतरी घेऊन आलो होतो. मग त्याने परीक्षा घेतली. "चिंचोके कुणाच्या ओट्यावर खेळायचीस?"

"तुमच्याच. तुम्ही काठी घेऊन उठवायचे. आज्जी म्हणायची, मडिवाळप्पाला स्वतःची लेकरं न्हाईत का वरडायला."

म्हाताऱ्याने हात पुढे केला. तिच्या डोक्यावर, मग गालावर, मग खांद्यावर ठेवला, बाजारात जनावर पारखतात तसा दाबून. तो मला म्हणाला, "चौघांना ह्याच हातानं काढलो मास्तर. पाचवी दिसली न्हाई. दिसली न्हाई म्हणजे अजून खाली हाय, असंच वाटलं मला." एवढं बोलून त्याने धोतराचा सोगा तोंडाला लावला. मी तरी काय वेगळं केलं होतं. त्याला दिसली नाही आणि मी वहीत पाहिली.

त्याच्या सांगण्यावरून आम्ही जुन्या गावठाणात गेलो. तिथे गावकऱ्यांनी पुढे नावांचा दगड बसवला होता. नावं माझ्याच यादीवरून कोरलेली, माझ्याच क्रमाने. आरतीला तो दगड असल्याचं ठाऊक नव्हतं. ती बोट फिरवत खाली गेली आणि थांबली. किशनराव, साखराबाई, केवळाबाई, रामलिंग, आरती. तिने आपल्या नावाच्या खोबणीतली माती नखाने काढली. नंतर वरच्या चारही नावांतली काढली. सिद्धलिंग दोन पावलं मागे उभा राहिला आणि त्याने मुलांना गाडीतच थांबवलं.

प्रतिज्ञापत्रं झाली, अर्ज दिला. पण ते लोकसभेच्या निवडणुकीचे दिवस होते. तहसीलमधला प्रत्येक माणूस मतदानाच्या कामात होता. अर्जावर शिक्का बसला आणि अर्ज पडून राहिला. दहा दिवस उरले तेव्हा मी लातूरला गेलो. मेस ओस होत चालली होती, परीक्षेच्या मुली आपापल्या केंद्रांच्या गावी निघून जात होत्या. घरात चार बॅगा भरून भिंतीला लावलेल्या. मकबूलभाई आलेले होते. ते म्हणाले, गावाच्या उताऱ्याचा नाद सोडा, शाळेच्या दाखल्यावर आधार दुरुस्त करू, तातडीचा अर्ज टाकू, अजूनही जमून जाईल. पासपोर्टवाल्यांना तुमच्या गावच्या रजिस्टरशी काय घेणं?

आरती म्हणाली, "मेलेल्यांच्या यादीत नाव ठेवून मी लेकरांचा हात धरून समुद्रापार जाऊ? नाही जमणार भाई."

मकबूलभाईंनी मान डोलावली. त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही. गिरिजाला मात्र राग आला होता. तिने आईला सुनावलं की नाव तुझं यादीत आहे, आमचं नाही, मग आम्ही का थांबायचं. पोर दहा वर्षांची होती. सिद्धलिंग मवाळ माणूस. त्याने मधला मार्ग काढायचा म्हणून म्हटलं, आम्ही तिघं जाऊन येतो, तुला घेऊन दिवाळीत कुठेतरी जाऊ, तिकिटं तरी वाया जाणार नाहीत.

आरती पोळ्यांचं कापड घडी करत होती. घडी पूर्ण केली. मग म्हणाली, "एकदा सगळे मिळून गेले आणि मी एकटी मागं ऱ्हायले. दुसऱ्यांदा न्हाई ऱ्हायची."

तिचा आवाज चढला नव्हता.  शिवतेजला काही कळलं नसावं, पण त्याने गळ्यातली पिशवी काढून ठेवली. मी तिच्याकडे पाहत होतो. इतके महिने मी माझ्या चुकीकडे बघत होतो. त्या चुकीखाली काय दबलेलं आहे ते मला त्या घडीला दिसलं. दुसऱ्या दिवशी सिद्धलिंगने तिकिटं रद्द केली. गिरिजा चार दिवस आईशी बोलली नाही. पाचव्या दिवशी तिने नकाशासमोर उभं राहून विचारलं, दिवाळीत किती दिवस सुटी असते?

नोंद रद्द झाल्याचा कागद जूनच्या शेवटी आला. ग्रामसेवकाने मृत्यूच्या रजिस्टरमध्ये पाचव्या नावावर आडवी रेघ मारून शेऱ्यात आदेशाचा क्रमांक लिहिला. पुढे पासपोर्टही आला. मडिवाळप्पाने निरोप पाठवला होता की पाथरवट बोलावतो, दगडावरचंही नाव घासून काढू. आरतीने मला त्याला फोन लावायला सांगितला आणि स्वतः बोलली. "ऱ्हाऊ द्या आजोबा. अव्वाच्या खाली रामलिंग, रामलिंगच्या खाली मी. एका जागी हाव."  फोन ठेवल्यावर ती माझ्याकडे पाहून म्हणाली, गुरुजी, रजिस्टर सरकारचं असतंय, दगड आमचा हाय.

दिवाळीत क्लासला आठच दिवस सुटी होती. मलाक्का गळालं. सिंगापूर आणि क्वालालंपूर झालं. चौघंही गेली. हॉटेलकडे तिने आधीच तळमजला मागितला होता. तो नव्हता, तिसरा मिळाला. पहिल्या रात्री तिने गादी ओढून खोलीच्या दारापाशी आडवी टाकली आणि चौघांच्या चपला उशाशी ठेवल्या. हे मला गिरिजाने सांगितलं, हसत हसत, परत आल्यावर. आरतीने मला तिथून एकच निरोप पाठवला, सकाळी, आवाजातला. मागे मुलांचा गलका होता. "गुरुजी, हलत न्हाई."

त्याला आता पाच वर्षं झाली. मडिवाळप्पा मधल्या साथीत गेला. गिरिजा दहावीत आहे. आरतीच्या मेसमध्ये सध्या बेचाळीस मुली जेवतात. ती लातूरला तळमजल्यावर राहते आणि सकाळी सव्वापाचला उठून त्यांचे डबे भरते.